आवाजाला अंगण

न्हाणीघरात गाताना आपला आवाज किती छान वाटतो, नाही? त्यामागचं गुपित मला कळलं आमच्या बचत गटाच्या गाण्यामुळे. आम्ही पॉप चालीवर गाणं बसवलं होतं. मुख्य आवाज चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मैत्रिणीचा. स्टुडिओत तिनं स्वतःचा नुसता आवाज ऐकला आणि ओशाळलीच. ''ताई, दुसरीचा घ्या. माझा कसा कोरडा येतोय.''

''मावशी, थांबा जरा,'' रेकॉर्डिंग करणारा मुलगा म्हणाला. त्यानं आधी रिव्हर्ब दिला, म्हणजे भिंतींवरून परतणारा घुमारा. १९५७ साली जर्मनीत त्यासाठी पोलादी पत्र्याचं भलंमोठं यंत्र निघालं होतं. आज ते काम संगणक करतो. शब्द आणि घुमारा यांत त्यानं किंचित फट ठेवली, घुमाऱ्यातला खर्ज कापला. नाहीतर म्हणे शब्द चिखलात रुततात! मग डिले, म्हणजे प्रतिध्वनी. मिनिटाला १२० ठोके, म्हणजे एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. तेवढ्याच अंतरानं शब्द परत आणला, की तो तालात बसतो. मात्र ओळ चालू असताना हळू, संपल्यावर जरा मोठा.

आता तिनं ऐकलं. पदर तोंडाशी गेला. ''ही मीच का हो?''

आवाज तिचाच होता, सूरही तिचेच. फक्त भोवती मोकळी जागा मिळाली होती. दुसऱ्या कडव्याला ती न सांगताच माइकपुढे जाऊन उभी राहिली.