आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय : पत्करावा की नाही?

दहावी-बारावीच्या मुलांस पुढे काय होणार असे विचारले, म्हणजे पुष्कळांच्या तोंडून एकच उत्तर येते : "सॉफ्टवेअर इंजिनिअर." नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव आज चढला, तर उद्या तो कोसळेल, ओतूरच्या कांद्याचीही तीच गत. तेव्हा महिन्याच्या महिन्यास ठरलेला पगार देणारा हा व्यवसाय जुन्नर-आंबेगावातील शेतकरी आईबापांस मोठा आधार वाटला, यात नवल ते काय? परंतु अलीकडे याच व्यवसायासंबंधी निरनिराळ्या वार्ता कानी येऊ लागल्या असून, मुलांस या मार्गाने धाडावे की न धाडावे, असा प्रश्न घरोघरी पडला आहे. त्याचा शांतपणे विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हा व्यवसाय आपल्याकडे कसा वाढला ते पाहू. संगणक हे यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही. त्यास क्रमाने आज्ञा द्याव्या लागतात. या आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात, आणि आज्ञावल्या रचणे, तपासणे व दुरुस्त करणे हे सॉफ्टवेअर इंजिनिअरचे काम होय. इन्फोसिस कंपनीची स्थापना १९८१ साली पुण्यातच झाली. १९८८ साली तेथे सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. १९९० साली डॉ. आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट ही कंपनी काढली. पुढे हिंजवडीस मोठी वसाहतच उभी राहिली. परदेशांतील बँकांची व व्यापाऱ्यांची कामे येथील तरुण कमी वेतनात करून देत. जितके हात अधिक, तितके काम अधिक, असा तो हिशेब होता. काय करावयाचे ते बहुधा दुसऱ्याने ठरवावे व आपण ते लिहून द्यावे, असेच या कामाचे पुष्कळ अंशी स्वरूप होते.

या हिशेबास आता धक्का बसला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि साध्या भाषेत सांगितले असता यंत्रच आज्ञावली लिहून देते, हे सर्वांनी पाहिले. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टी.सी.एस., इन्फोसिस व विप्रो या तीन कंपन्यांतील नोकरांची संख्या मिळून ६० हजारांहून अधिक घटली. जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.ने आणखी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. याचा सर्व दोष यंत्राच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. साथीच्या काळात केलेली वाजवीपेक्षा अधिक भरती व परदेशी गिऱ्हाइकांचा आखडलेला हात, हीही कारणे त्यामागे आहेत. तथापि नवशिक्याचे पहिले काम यंत्र करू लागले आहे, हे नाकारता येत नाही.

अशी भीती पूर्वीही उत्पन्न झाली होती. आरंभी संगणकास आकड्यांच्या सांकेतिक भाषेत आज्ञा द्याव्या लागत. १९५७ साली आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही सोपी भाषा तयार केली. आता आज्ञावली लिहिणारांची गरज फारशी उरणार नाही, असे तेव्हा कित्येकांस वाटले. घडले ते उलट : काम स्वस्त झाले, म्हणून ते अधिक ठिकाणी हवेसे झाले आणि माणसेही अधिक लागली. मात्र पूर्वी असे झाले म्हणून याही वेळी तसेच होईल, असे धरून चालणे शहाणपणाचे नव्हे.

मग या व्यवसायात टिकाऊ असे काय आहे? त्याचे उत्तर आपल्याच तालुक्यात, खोडद येथे पाहावयास मिळते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या तेथील रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या आहेत. आकाशातून आलेल्या लहरी काचतंतूंच्या तारांनी मध्यवर्ती इमारतीत येतात व तेथे प्रत्येक दोन तबकड्यांच्या लहरींचा मेळ घातला जातो. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. हे काम पूर्वी खास बांधलेली यंत्रे करीत; २०१० च्या सुमारापासून ते नेहमीच्या संगणकांवर आज्ञावलीच्या द्वारे होऊ लागले. आता गंमत पाहा. दोन संख्यांचा गुणाकार करण्याची आज्ञा यंत्र क्षणात लिहून देईल. परंतु एकच लहर एका तबकडीस आधी व दुसरीस किंचित नंतर पोहोचते. हा फरक फार तर सेकंदाच्या बारा हजाराव्या भागाएवढा असतो. तो हिशेबात घेतला नाही, तर संगणक कुरकुर न करता उत्तर देईल, आणि ते उत्तर खोटे असेल. ते खोटे आहे हे ओळखण्यास लहरींचे शास्त्र जाणणारा मनुष्यच पाहिजे.

गावातील दूध संकलन केंद्राचे उदाहरण घ्या. फॅटचा आकडा नोंदला जात असतानाच वीज गेली, तर ते दूध उत्पादकाच्या खात्यावर दोनदा चढेल काय? की मुळीच चढणार नाही? हा प्रश्न ज्यास सुचतो, तोच खरा इंजिनिअर. आज्ञा लिहिणे स्वस्त झाले आहे. काय लिहावे व लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे सांगणारा मनुष्य अद्याप दुर्मिळच आहे.

विद्यार्थ्यांनो, यावरून तुम्ही काय घ्यावे? गणिताचा पाया पक्का करा. यंत्राची मदत घेण्यापूर्वी लहान आज्ञावल्या स्वतः लिहून पाहा. ज्याने कधी लिहिले नाही, त्यास दुसऱ्याची चूक दिसत नाही. शेती, वैद्यक, हिशेब, पदार्थविज्ञान यांपैकी निदान एका विषयात मन लावा. आणि आपले म्हणणे मराठीत व इंग्रजीत नेमके मांडण्यास शिका, कारण जे माणसास नीट सांगता येत नाही, ते यंत्रासही सांगता येत नाही.

पालकांसही एक हिशेब सांगावासा वाटतो. नवशिक्याचे वेतन बहुतेक मोठ्या कंपन्यांत वर्षास साडेतीन लाखांच्या आसपास असून, गेल्या दहा-बारा वर्षांत ते फारसे वाढलेले नाही. म्हणजे महिन्यास सुमारे २९ हजार. आठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडावयाचे, तर दरमहा सुमारे १३ हजारांचा हप्ता पडतो. उरलेल्या रकमेत पुण्यातील खोलीभाडे व जेवणखाण भागवावे लागेल. यास्तव केवळ नावासाठी महागड्या महाविद्यालयाच्या पायी जमीन विकू नये. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा संस्थांची चौकशी आधी करावी. शिवाय २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस, सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणात प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. मुलीस पैशाअभावी मागे ठेवण्याचे कारण आता पुष्कळ कमी झाले आहे.

सारांश, ज्यास कोडी सोडविण्यात गोडी आहे, चूक सापडेपर्यंत ज्याचे समाधान होत नाही, त्याने हा व्यवसाय अवश्य पत्करावा. त्यास काम मिळत राहील, असे मानण्यास जागा आहे. परंतु शेजाऱ्याचा मुलगा हिंजवडीस गेला म्हणून आपलाही जावा, एवढ्याच कारणाने कोणी या मार्गास लागत असेल, तर त्याने क्षणभर थांबावे व आपला कल कोणीकडे आहे हे आधी पाहावे. कल ओळखून मन लावून काम शिकणारास इतरही अनेक वाटा मोकळ्या आहेत.