मागच्या रांगेतली पिशवी

दुधाची पिशवी घ्यायला आलेलं पुणेरी गिऱ्हाईक पुढच्या पिशवीला हात लावत नाही. कोपरापर्यंत हात आत घालून मागची काढतं. ताजी तारीख मागे असते, हे त्याला पक्कं ठाऊक. कोथरूडच्या एका साखळी दुकानात मी नऊ वर्षं भाजी आणि चिलर सांभाळला. ही युक्ती रोज पाहिली आणि घरी येऊन सासूबाईंकडूनही तिचं कौतुक ऐकलं.

मागे ताजा माल आम्हीच ठेवतो. सकाळी शटर उघडायच्या आधी रॅक अर्धा रिकामा करायचा, नवा माल मागे सारायचा, जुना पुढे ओढायचा. कंटाळवाणं काम, पण दुकानातला निम्मा ताजेपणा त्यातच असतो.

उरलेला निम्मा गारव्यात, आणि गारवा सगळ्यांना सारखा मानवत नाही. पालक-मेथीला ० ते ४ अंश हवेत. केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळी पडते. नारायणगावचा टोमॅटो फार गारठला की दिसतो लालबुंद, पण चव गेलेली असते. बटाट्याला उजेड चालत नाही, हिरवा पडतो. पुरंदरच्या अंजिरापुढे तर आम्ही हातच टेकले होते; सकाळी आलेलं संध्याकाळपर्यंत गेलं तर ठीक. पिकलेल्या केळ्यांशेजारी कोथिंबीर ठेवणारा पोरगा नवा आहे, हे लगेच कळायचं. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची पालेभाजी पिवळी पडते.

पालेभाजीवर बारीक तुषार मारणारं यंत्र आलं तेव्हा सगळे बघायला जमले. मला मंडई आठवली. १८८६ सालच्या त्या इमारतीत भाजीवाल्या मावश्या ओलं गोणपाट टाकून तेच करतात. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, जुडी तरारलेली राहते. गोणपाटाला वीजही लागत नाही.

फसवतं ते पनीर. एका मे महिन्यात माल उतरवताना लिफ्ट बंद पडली आणि एक क्रेट पाऊण तास उन्हात राहिला. नंतर चिलरमध्ये भरला. हाताला गार लागला, दिसायलाही ठीक. तिसऱ्या दिवशी पाकिटं फुगली. तारखेला आठ दिवस बाकी होते! थंडीत जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. पाऊण तासात ते वाढले ते वाढलेच. तारखेजवळ बारीक अक्षरात साठवणीचं तापमान छापलेलं असतं. तारीख त्या अटीवरच खरी. क्रेट सगळा फेकला. आमच्या भाषेत ‘डम्प’.

डम्पमध्ये गिऱ्हाइकांचाही वाटा असायचा. बिस्किटांच्या रॅकवर श्रीखंडाचा डबा, साबणाशेजारी मटारचं गोठवलेलं पाकीट. वाटेत बेत बदलला की वस्तू तिथेच टेकवायची. कधीपासून पडलीय कळत नाही, म्हणून परत चिलरमध्ये ठेवता येत नाही.

तेव्हा एवढं करा. गार वस्तू सगळ्यात शेवटी घ्या, नको झाली तर बिलिंगवर हातात द्या. आणि दूध आज संध्याकाळच्या चहालाच संपणार असेल, तर पुढची पिशवी उचला.