बिअरमध्ये हॉप कधी घालायचा

हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी वेलींना खवल्याखवल्यांची हिरवट बोंडे लागतात आणि ती सुकवून बिअरमध्ये घालतात. सुकलेले बोंड मधोमध फाडले, की खवल्यांच्या बुडाशी पिवळीधमक भुकटी दिसते. ती बोटाला चिकटते, आणि जरा चोळली की तिचा उग्र, सुवासिक दर्प बराच वेळ हाताला राहतो. हॉपची सगळी करामत या भुकटीत असते. तिच्यात कडवटपणा देणारी अल्फा आम्ले असतात आणि वास देणारी तेलेही असतात. आम्ले उपयोगी पडण्यासाठी बराच वेळ उकळावी लागतात, तर तेले वाफेबरोबर उडून जातात. एकच हॉप उकळीच्या सुरुवातीला घातला तर बिअर कडू होते, शेवटी घातला तर सुवासिक होते. म्हणून नवशिक्याने वाण आणि वजन यांच्या आधी वेळ समजून घ्यावी.

धान्याची बिअर माणूस हजारो वर्षे करीत आला आहे, पण तिच्यात हॉप पडला तो बराच उशिरा. उत्तर फ्रान्समधील कोर्बीच्या मठाचा अधिपती अडलहार्ड याने ८२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांत बिअरसाठी हॉप गोळा करण्याचा उल्लेख आहे. १५१६ पर्यंत बव्हेरियात कायदाच झाला, की बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. हॉप वापरण्यात चवीइतकेच टिकाऊपणालाही महत्त्व होते. हॉपमधली आम्ले बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखतात, त्यामुळे हॉपची बिअर बिनहॉपच्या बिअरपेक्षा कितीतरी जास्त दिवस चांगली राहते.

या गुणाचा फायदा भारताकडे येणाऱ्या जहाजांना झाला. पूर्व लंडनमधल्या बो येथील हॉजसनची ब्रुअरी अठराव्या शतकाच्या अखेरीस भरपूर हॉप घातलेली फिकट एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढवीत असे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारी ही पिंपे काही महिन्यांनी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या बंदरांत उतरत, आणि गोरे अधिकारी व व्यापारी त्यांची वाट पाहत. हॉजसनने ही बिअर भारतासाठी मुद्दाम शोधून काढली असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. दूरच्या प्रवासासाठी जादा हॉप घालायची पद्धत इंग्लंडमध्ये आधीपासून होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठच्या शिरूरला इंग्रजांची छावणी होती.  अशा छावण्यांना विलायती माल मिळे तो मुंबई बंदरातूनच. जगभर आज ‘इंडिया पेल एल’ या नावाने जी कडवट बिअर विकली जाते, तिच्या नावातला भारत हा असा आहे.

शिरूर-दौंडच्या रानात मात्र हॉप येणार नाही. पाणी, खत आणि कष्ट यांत हा भाग कुठे कमी नाही; भीमेच्या आणि घोडच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहतो. अडचण दिवसाच्या लांबीची आहे. हॉपच्या वेलीला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस मिळाले तरच ती पाच-सहा मीटर चढते आणि मग बोंडे धरते. युरोप-अमेरिकेतली बहुतेक लागवड ३५ ते ५५ अक्षांशांदरम्यान आहे. दौंड साडेअठरा अंशांवर आहे आणि तिथला जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. एवढ्या दिवसात वेल खुरटी असतानाच फुलू लागते. शिवाय तिला हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडीची झोप मानवते, ती इथे मिळत नाही. भारतात हॉप होतो तो हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात. महाराष्ट्रातल्या ब्रुअरी बहुतांशी परदेशी हॉपच वापरतात, आणि तो येतो दाबून केलेल्या बारीक गोळ्यांच्या रूपात. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही ब्रुअरी आणि २०१४ मध्ये इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी सुरू झाली. तेव्हापासून हॉपच्या वासांची ओळख पुणे जिल्ह्यातल्या गिऱ्हाइकाला झाली.

घरी बिअर करण्याविषयी कायदा स्पष्ट आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते विक्रीसाठी असो वा घरच्यासाठी. काळा गूळ आणि नवसागर वापरून केलेली हातभट्टी आणि माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) बिअर यांच्यात कृतीचा आणि धोक्याचा मोठा फरक आहे, पण परवान्याच्या बाबतीत कायदा तो फरक करीत नाही. अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय मान्यता देणाऱ्या कायद्यावर १९७८ मध्ये सही झाली, ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवाना लागत नाही. त्या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा छंद राजरोस करता येतो. शिरूर-दौंडमधल्या जिज्ञासूला मात्र बिअर आंबवणारे यीस्ट घालण्याच्या अलीकडेच थांबावे लागते. तरीही शिकण्यासारखे बरेच काही उरते, कारण हॉपचे मुख्य काम यीस्ट पडण्याआधीच झालेले असते. माल्टच्या पाण्यात किंवा नुसत्या पाण्यात हॉप उकळून केलेल्या काढ्यात अल्कोहोल नसते, आणि पुढे सांगितलेला वेळेचा फरक त्यात जिभेला स्वच्छ कळतो. माल्टचा काढा उरवून ठेवू नये, उघड्यावर तो आपोआप आंबू लागतो.

आधी पाणी. उसाच्या पट्ट्यातले विहिरीचे किंवा बोअरचे पाणी बहुधा जड असते. बायकार्बोनेटमुळे अल्कलीपणा वाढला, की हॉपचा कडवटपणा खरखरीत होतो आणि घशाशी रेंगाळतो. जिप्समचे पाणी वेगळे. त्यातल्या सल्फेटने कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पेल एलची कीर्ती अशाच पाण्यावर उभी राहिली. पाण्याची खात्री नसेल तर गाळलेले, कमी क्षारांचे पाणी वापरणे बरे.

माल्टचा गोड अर्क, म्हणजे वर्ट, आचेवर ठेवला की पहिल्या उकळीला प्रथिनांचा फेस वर येतो. केडगाव-यवत भागातल्या गुऱ्हाळात काहिलीतला रस चढू लागला की गुळव्या जसा डोळ्यात तेल घालून उभा राहतो, तसेच इथे उभे राहावे लागते. फेस बसल्यावरच हॉप घालायचा, आणि तोही चिमटीचिमटीने. हॉपच्या गोळ्या उकळत्या वर्टमध्ये एकदम ओतल्या, तर प्रत्येक कणाभोवती बुडबुडे धरतात आणि क्षणात सगळे भांडे उतू जाते. नवशिक्याची फजिती हमखास इथेच होते. भांडे दोन-तृतीयांशच भरलेले असावे आणि एक हात गॅसच्या बटणावर असावा.

हा पहिला हॉप कडवटपणासाठी. तो ६० मिनिटे उकळतो. अल्फा आम्ले मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत; उष्णतेने त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि कडू लागतात. तासाभरातही त्यांतला साधारण पाव हिस्साच कामी येतो. हिशेब सोपा आहे. पाकिटावर अल्फा ६ टक्के लिहिलेला ३० ग्रॅम हॉप घेतला, तर त्यात १,८०० मिलिग्रॅम आम्ले असतात. त्यांचा चौथा भाग ४५० मिलिग्रॅम. वर्ट २० लिटर असेल तर दर लिटरला साडेबावीस मिलिग्रॅम, म्हणजेच कडवटपणाच्या मापात सुमारे साडेबावीस आयबीयू. साध्या पेल एलला एवढा कडवटपणा पुरतो. १२ टक्क्यांचा वाण असेल तर १५ ग्रॅमच पुरे. पाकिटावरचा हा आकडा न वाचता नुसत्या वजनावर जाणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवरच्या शिरूर-दौंडला पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, पण एवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

उकळी संपायला १५-२० मिनिटे असताना घातलेला हॉप थोडा कडवटपणा आणि थोडा वास, असे दोन्ही देतो. त्यावर पाककृतींतून भर दिलेला असतो, पण पहिल्या खेपेला तो वगळला तरी चालेल. वासाचा खरा हॉप शेवटच्या पाच मिनिटांत, किंवा गॅस बंद करून वर्ट ८० अंशांवर उतरल्यावर घालतात आणि झाकून २० मिनिटे ठेवतात. त्या तपमानाला आम्लांचे रूपांतर मंदावते, तेले मात्र बऱ्यापैकी टिकतात. वाणाचा फरकही इथेच उमगतो. चेक साझ मंद, गवती आणि किंचित मसालेदार आहे. इंग्लंडच्या गोल्डिंग्जला मातीचा, मधाचा वास आहे. अमेरिकेतला १९७२ मध्ये आलेला कॅस्केड पपनसाच्या सालीसारखा आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने एकच वाण घ्यावा आणि तोच दोन्ही वेळा घालावा. तीन वाण एकत्र घातले, की कोणी काय दिले हे कळत नाही.

जिथे परवानगी आहे तिथे शेवटची पायरी यीस्टनंतरची. आंबण्याचा जोर ओसरल्यावर दर लिटरला दोन-तीन ग्रॅम हॉप थंड बिअरमध्ये तसाच टाकतात आणि तीन ते पाच दिवसांनी बिअर गाळून घेतात. कडवटपणा फारसा वाढत नाही, वास मात्र भरभरून येतो. जास्त दिवस ठेवला तर गवताची, पालापाचोळ्याची चव उतरते. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना कोणी सांगत नाही. हॉपमध्ये काही विकरे असतात आणि ती उरलेल्या पिष्टाची साखर करतात. यीस्ट पुन्हा कामाला लागते, आणि घाईने बाटल्या भरल्या असतील तर त्या फुटू शकतात. म्हणून घनतामापकाचा आकडा सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटली भरू नये. हॉप जिवाणूंना रोखतो म्हणून भांडी निर्जंतुक करण्यात कुचराई करणेही चुकीचे आहे. रानटी यीस्ट आणि बुरशी यांवर त्याचा इलाज चालत नाही.

हॉपचे उघडलेले पाकीट हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवावे. चाळीस अंश ओलांडणाऱ्या दौंडच्या उन्हाळ्यात ते ओट्यावर राहिले, तर काही आठवड्यांत आम्ले घटतात आणि जुन्या चीजचा वास येऊ लागतो. तयार बिअरही उजेडापासून जपावी लागते. सूर्यप्रकाशाने हॉपची आम्ले मोडतात आणि कुबट, उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य तयार होते. तपकिरी बाटली त्यासाठीच असते. हिरवी किंवा पारदर्शक बाटली उजेड पुरेसा अडवीत नाही. गाळून उरलेला हॉपचा चोथा शेणखताच्या खड्ड्यात चांगला कुजतो, पण तो खोल पुरून वर माती ओढावी. कुत्र्याने हॉप खाल्ला तर त्याच्या अंगातला ताप जीवघेणा वाढू शकतो, आणि तसे झाल्यास त्याला विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे लागते.