धूरभट्टीच्या फटी बुजवा



सोयाबीन घरात आले, गहू पेरून झाला, की आपल्याला नाताळचे वेध लागतात. कोंबड्या, डुकरे पाळणाऱ्या घरांतून सणाच्या जेवणाची बोलणी सुरू होतात. अलीकडे काही घरांत मांसाला धुरी देऊन शिजवण्याची लोखंडी भट्टी दिसू लागली आहे. बाजारात तिला स्मोकर म्हणतात. आपण धूरभट्टी म्हणू.

गेल्या नाताळाच्या आधी आम्हीही सर्वांत स्वस्त मिळाली ती धूरभट्टी आणली. तिची रचना साधी आहे. मधे झाकणाचे आडवे पिंप, त्यात मांस ठेवण्याची जाळी. पिंपाच्या एका बाजूला, थोडी खाली जोडलेली जळणपेटी. दुसऱ्या टोकाला धुराडे. जाळ बाजूच्या पेटीत राहतो आणि ऊन धूर मांसावरून जाऊन धुराड्यातून बाहेर पडतो. मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकत नाही, हा तिचा मोठा गुण.

पण पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. धुराड्यातून थोडा आणि झाकणाच्या कडेने भरपूर, असा धूर निघू लागला. कधी जाळ भडके, कधी मंदावे. पाच तास लाकडे घातली. कोंबडीची कातडी छान तांबूस झाली, म्हणून कापून पाहिली, तर हाडाजवळ कच्ची! ती सगळी स्वयंपाकघरात नेऊन पुन्हा शिजवावी लागली. तेव्हा कळले की स्वस्त भट्टीत खोट असते ती फटींची. पत्रा पातळ, संधे सैल, झाकण वाकडे. ही खोट थोड्या खर्चात घरी दूर करता येते.

तत्त्व नवे नाही. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर पुस्तिका लिहिली. ती मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने १९५३ साली छापली. पुढे १९८३ मध्ये सरकारने सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना सुरू केली. ती २००२ पर्यंत चालली. पुष्कळ घरांत चूल बसली, पण तडे लिंपले नाहीत, धुराडे झाडले नाही, आणि धूर परत घरात आला. चूल असो की धूरभट्टी, नियम एकच: हवा एका दाराने आत यावी आणि धूर एकाच वाटेने बाहेर जावा. मधली प्रत्येक फट ही आपल्या ताब्यात नसलेले दार आहे.

फटी शोधणे. रात्री भट्टीत टॉर्च लावून झाकण बंद करावे. जेथून उजेड दिसेल तेथे खडूने खूण करावी. मग जळणपेटीत थोडे ओले गवत धुमसवून धूर कोठून निघतो ते पाहावे.

जळणपेटीचा सांधा. येथे उष्णता सर्वांत जास्त असते. बोल्ट काढून दोन्ही कडा घासून घ्याव्यात, मध्ये भट्टीचे फायर सिमेंट भरावे आणि बोल्ट पुन्हा आवळावेत. ते न मिळाल्यास पिवळ्या मातीत बारीक भुसा मळून लिंपावी आणि तडा गेला की पुन्हा लिंपावी. आपल्या माळव्याची काळी माती गव्हा-सोयाबीनला उत्तम, पण ती सुकताना आकसते व भेगाळते. ह्या कामी ती घेऊ नये. सिलिकॉन येथे टिकत नाही, जळते.

झाकण. पिंपाच्या कडेवर भट्टीच्या दारांना लावतात तशी काचतंतूची दोरी चिकटवावी. चिकटवण्यासाठी उष्णता सोसणारे आणि अन्नाजवळ वापरण्यास योग्य असे वेष्टनावर लिहिलेले सिलिकॉन घ्यावे व ते पूर्ण सुकू द्यावे. सुटे धागे आत लोंबू देऊ नयेत. झाकण दाबून बसावे म्हणून दोन्ही टोकांना कड्या लावाव्यात. कागदाचा कपटा कडेत धरून झाकण लावावे. तो सहज ओढून निघाला तर तेथे अजून फट आहे. ॲस्बेस्टॉसची जुनी दोरी कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

आतली सुधारणा. धुराड्याचे तोंड पिंपात वरच उघडत असेल, तर साध्या लोखंडी पत्र्याची नळी लावून ते जाळीच्या उंचीपर्यंत खाली आणावे. म्हणजे ऊन धूर वरच्या वर पळत नाही. जळणपेटीच्या तोंडापाशी एक तिरपी लोखंडी पट्टी बसवावी, म्हणजे जवळचे मांस करपत नाही. तळाला तीन-चार भट्टीच्या विटा ठेवल्या, तर ऊब टिकून राहते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र जाळाजवळ नको. तापल्यावर त्याची वाफ विषारी असते. घरी पिंपाची भट्टी बनवणाऱ्यांनी औषध-फवारणीचे पिंप कधीही घेऊ नये, कितीही धुतले तरी नाही. काम झाल्यावर रिकामी भट्टी दोन-तीन तास तापवावी, मगच अन्न ठेवावे.

फटी बुजवल्या म्हणून जाळ कोंडू नये. धुराडे पूर्ण उघडे ठेवावे आणि उष्णता जळणपेटीच्या हवेच्या झडपेनेच कमीजास्त करावी. हवा कमी पडली, की दाट पांढरा धूर होतो व मांसावर कडवट चिकट थर बसतो. धूर पातळ, निळसर हवा. लाकूड आंब्याचे किंवा पेरूचे, चांगले वाळलेले. आपल्या बाफल्यांना गोवऱ्यांचा निखारा चालतो. येथे गोवऱ्या नकोत, आणि रंगवलेले लाकूड किंवा प्लायवूडही नको.

आता आरोग्याची गोष्ट. जाळीजवळ ११० ते १२० अंश सेल्सिअस उष्णता असावी. झाकणावरचा काटा पुष्कळदा खोटे बोलतो. मांसात खुपसायचा वेगळा तापमापक घ्यावा. तो उकळत्या पाण्यात पारखावा. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच आहे, म्हणून येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. कोंबडी आत ७४ अंशांपर्यंत पोचली पाहिजे. डुकराचे मांस ७१ च्या आत काढू नये. रंगावर विश्वास ठेवू नये: धुराने शिजलेले मांसही गुलाबी दिसते आणि कच्चेही वरून तांबूस दिसते.

हा काटेकोरपणा का? गळक्या भट्टीत मांस तासन्‌तास ६० अंशांखाली कोमट राहते, आणि त्या उबेत जंतू वाढतात. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो. अशा माणसाच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या हातांनी किंवा भाजीवरून कोणाच्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फेफरे येते. मांस न खाणाऱ्यालाही हे होते. म्हणून मांस नीट शिजवावे, हात धुवावेत, शौचालय वापरावे आणि डुकरांना मोकाट सोडू नये.

आणखी दोन गोष्टी. ही भट्टी उघड्यावरच पेटवावी. थंडी आहे म्हणून पडवीत किंवा गोठ्यात घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणूस नेतो. दुसरे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये धुरी दिलेल्या, खारवलेल्या मांसाची गणना कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. तेव्हा हे जेवण सणाचेच राहू द्यावे, रोजचे करू नये.

यंदा आमच्या भट्टीला तेवढीच कोंबडी शिजवायला पूर्वीच्या निम्मे लाकूडही लागले नाही. आपल्या घरी भट्टी असेल, तर सणाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नये. ह्याच आठवड्यात एका रात्री टॉर्च घेऊन तिच्यात डोकावून पाहावे.