भेडाघाटच्या भग्न योगिनी

जबलपूरला येणाऱ्या पर्यटकाची पावले भेडाघाटकडे वळतात ती धुवाँधार धबधब्यासाठी आणि संगमरवरी कड्यांमधल्या नौकाविहारासाठी. टेकडीवरचे चौसष्ट योगिनी मंदिर बहुधा ‘वेळ उरला तर’ पाहायचे म्हणून मागे राहते. शंभरांहून अधिक दगडी पायऱ्या हेही त्याचे एक कारण असावे.

वर पोहोचताच समोर येते ते उघड्या आभाळाखालचे गोल प्रांगण आणि त्याभोवती ओवऱ्यांचे वर्तुळ. कलचुरी राजांच्या काळात, दहाव्या शतकाच्या सुमारास ते उभे राहिले. नाव चौसष्टांचे असले, तरी ओवऱ्या ऐंशीहून अधिक आहेत. मूर्तींच्या पीठांवर प्राचीन नागरीत नावे कोरलेली आहेत. एक योगिनी तर चक्क गजमुखी आहे. कंठहार, मेखला, वस्त्रांच्या चुण्या यांची घडण थक्क करणारी. पण नजर वर जाते आणि थबकते. कोणाचा चेहरा छिन्न झालेला, कोणाचे हात खांद्यापासून तुटलेले. परंपरा याचा ठपका औरंगजेबाच्या सैन्यावर ठेवते. मधमाश्यांनी आक्रमकांना पिटाळले म्हणून मधले मंदिर वाचले, अशी लोककथा आहे. त्या गौरीशंकर मंदिरात नंदीवर आरूढ शिवपार्वतीची पूजा आजही होते. राणी अल्हणदेवीचा ११५५ मधील शिलालेख भेडाघाटचाच. कलचुरींचे असे लेख संपादून १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्याचे श्रेय महामहोपाध्याय वा. वि. मिराशी या मराठी विद्वानाकडे जाते.

भंगलेल्या वास्तूचे काय करावे, या प्रश्नाला जर्मनीतील ड्रेस्डेन शहराने वेगळे उत्तर दिले. गेओर्ग बेअर या स्थपतीचे तेथील फ्राउएनकिर्ख हे चर्च १७४३ मध्ये पूर्ण झाले होते. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर आगीत तापलेले खांब ढासळले आणि १५ तारखेला घुमट कोसळला. पुढे सुमारे अर्धशतक तो ढिगारा तसाच राहिला. १९९४ मध्ये पुनर्बांधणी सुरू झाली. जुने, काळवंडलेले दगड ओळखून शक्य तेथे मूळ जागी बसवण्यात आले. नव्या फिकट भिंतींत ते आजही वेगळे दिसतात. घुमटावरचा क्रूस घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील त्या हल्ल्यातील ब्रिटिश वैमानिकांपैकी होते. ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा उपासनेसाठी खुले झाले.

भेडाघाटला तो मार्ग उपलब्ध नाही. चर्चच्या मूळ रूपाची छायाचित्रे आणि मोजमापे हाती होती. योगिनींचे चेहरे कसे होते, हे सांगणारे काहीच उरलेले नाही. नवा चेहरा बसवला, तर तो आजच्या शिल्पकाराचा असेल. म्हणून पुरातत्त्वीय संरक्षणाखालच्या या मूर्ती जशा आहेत तशाच जपल्या जातात, हे योग्यच म्हणावे लागेल.

चढण उन्हाची असल्याने सकाळी लवकर जाणे सोयीचे. प्रांगणात अनवाणी फिरावे लागते आणि दुपारी फरसबंदी चांगलीच तापते. खाली नर्मदा वाहताना दिसते.