न वितळणारी वीट

वीटभट्टी तुम्ही पाहिली आहे. भट्टी निवून उघडली, की बहुतेक विटा लाल आणि खणखणीत निघतात. पण आगीच्या अगदी तोंडाशी असलेल्या काही विटा काळपट, वाकड्यातिकड्या, एकमेकींना चिकटलेल्या निघतात. त्यांना आपण खंगर म्हणतो. खंगर म्हणजे वितळू लागलेली माती. आगीनेच वीट पक्की होते आणि आग हद्दीबाहेर गेली की तीच आग विटेला खाते.

आता एक प्रश्न विचारतो. पोलादाच्या कारखान्यात लोखंड पाण्यासारखे पातळ करतात. ते पातळ लोखंड ठेवायचे कशात? लोखंडी भांड्यात ठेवले तर भांडेच वितळेल. आपल्या भट्टीतल्या विटांचे कुंड बांधले तर त्याचा खंगर होईल. मग?

ते भांडे बाहेरून पोलादाचेच असते, पण आतून त्याला विटांचे जाड अस्तर असते. या विटा निराळ्या. पुस्तकात त्यांना उच्चतापसह विटा म्हणतात. कारखान्यातले लोक फायरब्रिक म्हणतात. त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका चांगल्या मालाची माहिती आज आम्ही सांगणार आहोत. त्याचे नाव मुलाइट.

या नावाचा आपल्या मुलांशी काही संबंध नाही बरं का! स्कॉटलंड देशाजवळ मल्ल नावाचे एक बेट आहे. तिथे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखी जागा होता. तापलेल्या रसात चिकणमातीचे थर सापडले आणि भाजून निघाले. त्या भाजलेल्या मातीत शास्त्रज्ञांना हा पदार्थ आढळला. १९२४ साली बेटावरून त्याला मुलाइट हे नाव मिळाले. निसर्गात तो फार थोडा सापडतो, म्हणून कारखान्यात तयार करावा लागतो.

किती उष्णता सोसतो म्हणाल, तर आधी मोजमाप समजून घेऊ. पाणी १०० अंशांना उकळते. कुंभाराचा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो. सोने १०६४ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना, लोखंड १५३८ अंशांना. पोलाद ओततात तेव्हा ते १६०० अंशांच्या पुढे असते. आणि मुलाइट? तो १८०० अंशांपर्यंत दाद देत नाही.

हे बळ येते कुठून? मुलाइटात दोनच जिनसा आहेत. एक सिलिका, म्हणजे पांढऱ्या वाळूत असते ती. दुसरी अॅल्युमिना, म्हणजे जिच्यापासून अॅल्युमिनियमची भांडी होतात ती. १०० किलो मुलाइटात सुमारे ७२ किलो अॅल्युमिना आणि २८ किलो सिलिका असते. या दोन्ही जिनसा आपल्या शेतातल्या मातीतही आहेत. पण तिच्यात लोह, चुना, क्षार असे सोबती फार. हे सोबती लवकर पाघळतात आणि बाकीच्या मातीलाही पाघळवतात.

स्वच्छ पांढरी माती खूप तापवली, तर सुमारे १००० अंशांनंतर तिच्यात मुलाइटाचे बारीक कण धरू लागतात. उष्णता वाढेल तसे हे कण सुईसारखे लांब होतात आणि एकमेकांत गुंततात. भिंतीला मातीचा गिलावा करताना आपण त्यात गवताचा भुसा घालतो. भुसा माती धरून ठेवतो, भेग पडू देत नाही. विटेच्या पोटात मुलाइटाच्या सुया तेच काम करतात. फरक इतकाच, की भुसा जळतो आणि या सुया जळत नाहीत.

जुन्या लोकांना हे नाव ठाऊक नव्हते, पण गुण ठाऊक होता. जर्मनीत हेस नावाचा प्रांत आहे. तिथल्या मुशी काही शतके सगळ्या युरोपात नावाजलेल्या होत्या. मूस म्हणजे सोनार ज्यात सोने आटवतो ते छोटे भांडे. हेसच्या मुशी समुद्रापार अमेरिकेपर्यंत जात. त्या इतक्या टिकाऊ का, हे कोडे होते. २००६ साली संशोधकांनी जुन्या मुशींचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांत मुलाइट निघाला. तिथले कारागीर चांगली माती निवडून ती खूप कडक भाजत. एवढेच त्यांचे गुपित!

आजचे कारखाने हेच काम हिशेबाने करतात. अॅल्युमिना किंवा बॉक्साइट आणि स्वच्छ माती दळतात, ठरल्या मापाने मिसळतात, ओली करून तिचे गोळे पाडतात. बॉक्साइट हा दगड आपल्याकडे कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांत सापडतो. मग ते गोळे फिरत्या भट्टीत सुमारे १७०० अंशांना भाजतात. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. माल वितळवत नाहीत. कण कणाला जिथे टेकतो, तिथे तो त्याला धरतो आणि सगळा गोळा एकजीव होतो. कुंभाराचे मडके असेच होते. आव्यात माती वितळत नाही, सांधली जाते. याला सिंटर करणे म्हणतात. भाजलेला माल फोडून, चाळून, दाबून त्याच्या विटा पाडतात आणि त्या पुन्हा भाजतात.

दुसराही एक रस्ता आहे. कायनाइट नावाचा निळसर दगड आपल्या भंडारा जिल्ह्यात आहे. झारखंडातली लाप्साबुरूची खाण तर त्यासाठी जगात प्रसिद्ध झाली. हा दगड सुमारे १३०० अंशांच्या वर तापवला की त्याचाच मुलाइट होतो. पण होताना तो फुगतो. सहा घमेल्यांचा माल जवळजवळ सात घमेली होतो! कच्चाच विटेत घातला तर वीट फुटणार. म्हणून तो आधी भाजून घेतात.

मुलाइटाचा दुसरा मोठा गुण म्हणजे तो तापून फार वाढत नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, ती तापवून. तापली की वाढते, निवली की आवळते. एक मीटर लांबीची लोखंडी पट्टी १००० अंशांनी तापवली, तर ती बारा मिलिमीटरहून जास्त वाढते. मुलाइट तेवढ्यातच पाच मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्यामुळे उष्णता एकदम वरखाली झाली तरी तो सहसा तडकत नाही. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नकोच.

तिसरा गुण असा, की लालबुंद झाल्यावरही तो वजनाखाली वाकत नाही. म्हणून कपबश्या आणि फरश्या भाजण्याच्या भट्टीतल्या फळ्यांना तो वापरतात. फळी वाकली तर तिच्यावरच्या सगळ्या बश्या वाकड्या! काचेच्या भट्टीच्या वरच्या भिंती, लोखंडाच्या झोतभट्टीला गरम वारा पुरवणारे उंच मनोरे, उष्णता मोजणाऱ्या तारांवरची नळी, अशा ठिकाणीही मुलाइट असतो. पोलादाच्या भांड्याच्या अस्तरातही मुलाइट असलेल्या विटा घालतात. अस्तर झिजून पातळ झाले, तर बाहेरच्या पोलादी पत्र्यावर लाल डाग दिसू लागतो. तो दिसताच काम थांबवून माणसे दूर करायची असतात. पातळ पोलाद खाली सांडले आणि तिथे पाणी असले, तर मोठा स्फोट होतो. खाली उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या वीतभर अस्तरावर असतो.

मुलाइट सगळीकडे चालतो असे मात्र नव्हे. चुना आणि सोड्यासारखे क्षार त्याला हळूहळू खातात. जिथे चुन्याची मळी खळखळते, तिथे मॅग्नेशियाच्या विटा बऱ्या. शिवाय तो महाग. घरच्या चुलीला कोणी मुलाइट सांगितला तर हसून सोडून द्या. तिथे आपली साधी वीटच पुरते.

आपल्या गावची पोरे अशा कारखान्यांत कामाला जातात. त्यांच्यासाठी एक गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो. झिजलेले अस्तर फोडून काढताना आणि विटा कापताना बारीक धूळ उडते. तिच्यात मोकळी सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. दम लागतो, आणि हा रोग बरा होत नाही. तोंडाला धोतराचे टोक किंवा रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही. इतकी ती बारीक. विटांवर पाणी मारून मगच फोडाव्या आणि धुळीचा खरा मुखवटा मालकाकडून मागून घ्यावा. मागायला लाजू नये. सिलिकोसिस हा कायद्याने नोंद करायचा धंद्याचा रोग आहे. डॉक्टरला दाखवताना आपण काय काम करतो, किती वर्षे करतो, हे आधी सांगावे. नाहीतर तो क्षयच समजला जाण्याचा संभव असतो.

फोडून काढलेल्या जुन्या विटाही वाया जात नाहीत. त्यांतल्या चांगल्या तुकड्यांवरची मळी खरवडतात, ते दळतात आणि नव्या विटांच्या मिश्रणात घालतात. एकदा भाजून निघालेला माल पुन्हा आकसत नाही, म्हणून नवी वीट भट्टीत कमी आकसते.