समुद्राखालची अमानत

मुंबईहून हजला जाणारी जहाजे 1995 मध्ये बंद झाली. त्याआधी समुद्रमार्गे गेलेले हाजी आजही अनेक घरांत आहेत. अरबी समुद्र, एडनचे आखात, बाबुल मंदबची चिंचोळी सामुद्रधुनी आणि मग तांबडा समुद्र, असा तो मार्ग होता. जेद्दाच्या बंदरात शिरताना जहाजाला जपून जावे लागे, कारण तिथली वाट पाण्याखालच्या प्रवाळखडकांमधून जाते. खलाशांच्या दृष्टीने हे खडक म्हणजे धोका. आज मात्र तेच खडक पाहण्यासाठी जगभरातून लोक पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात.

स्कूबा डायव्हिंगच्या जगप्रसिद्ध ठिकाणांची यादी काढली, तर एक गोष्ट लक्षात येते. इजिप्त, सौदी अरेबिया, सुदान, मालदीव, मलेशिया, इंडोनेशिया, झांझिबार आणि आपल्या देशातील लक्षद्वीप. यांतील बहुतेक किनारे मुस्लिम वस्तीचे आहेत. कोकणी मुसलमान शाफई मसलकचे. मालदीव, लक्षद्वीप, मलेशिया, इंडोनेशिया आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मुसलमानही बहुतांशी शाफईच. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर दीन ज्या सागरी वाटांनी पसरला, त्याच वाटांवर जगातील सर्वांत सुंदर प्रवाळ आहे. त्यामुळे हे सौंदर्य टिकवण्याची जबाबदारीही मोठ्या प्रमाणावर याच किनाऱ्यांवर येऊन पडते.

दम रोखून मोती, टाकी बांधून सफर

समुद्रात बुडी मारणे ही नवी गोष्ट नाही. बहरैन, कुवेत, कतरचे पाणबुडे शेकडो वर्षे मोत्यांसाठी तळाशी जात. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोरी आणि छातीत एकच श्वास. वर नावेत बसलेला साथीदार दोरीचा इशारा मिळताच त्याला ओढून घेई. हे मोती मोठ्या प्रमाणावर आपल्या मुंबईच्या बाजारात विकले जात. मोत्यांवर सावकार आणि व्यापारी श्रीमंत होत; पाणबुडा मात्र बहुधा कर्जातच राही. 1930 च्या दशकात जपानमधील संवर्धित मोत्यांनी हा धंदा बसवला.

1943 मध्ये फ्रान्सचे झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी असे यंत्र बनवले, की पाणबुड्याला हवी तेव्हा आणि हव्या तेवढ्या दाबाने हवा मिळू लागली. हीच आजच्या स्कूबाची सुरुवात. अनेकांचा समज असतो की पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो. प्रत्यक्षात त्यात आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणून 30 मीटरवर शरीरावर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो आणि टाकीतील हवाही तितक्याच वेगाने संपते.

खडक नव्हे, वस्ती

पाण्याखाली दिसणारे प्रवाळ दगडासारखे वाटते, पण ते प्राण्यांचे घर आहे. प्रवाळकीटक हा अगदी लहान जीव. तो आपल्याभोवती चुन्याचे कवच रचतो. लाखो कीटकांची कवचे हजारो वर्षे एकमेकांवर चढत गेली की खडक तयार होतो. या कीटकाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, कीटकाला खाऊ घालते आणि रंगही देते. बदल्यात कीटक त्याला आसरा देतो. समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळाने व्यापलेला आहे. तरी समुद्री जीवांच्या जवळपास एक चतुर्थांश प्रजातींचा संसार त्यावर चालतो.

सूरह रहमानमध्ये अल्लाहच्या देणग्यांची गणना करताना मोत्याबरोबर मरजानचा, म्हणजे पोवळ्याचा, उल्लेख येतो, हे आपण जाणतोच. ही देणगी किती गुंतागुंतीची आहे, ते पाण्यात उतरल्यावर कळते. लहानसा क्लिनर रास मासा मोठ्या माशाच्या उघड्या जबड्यात शिरून दात साफ करतो आणि सुखरूप बाहेर येतो. नारिंगी क्लाऊनफिश समुद्रफुलाच्या विषारी स्पर्शकांत घर करतो. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातो आणि बारीक वाळू बाहेर टाकतो. मालदीवच्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांची बरीचशी वाळू अशीच तयार झालेली आहे.

रास मुहम्मद, इजिप्त

सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला रास मुहम्मद आहे. इथे प्रवाळाची भिंत पाण्याखाली थेट शेकडो मीटर खाली उतरते. उन्हाळ्यात बॅराकुडा आणि इतर मोठ्या माशांचे थवे या भिंतीपाशी जमतात. 1983 मध्ये इजिप्तने हे आपले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. इथे प्रवाळावर नांगर टाकता येत नाही. बोटी ठरवून दिलेल्या बोयांना बांधाव्या लागतात. एका नांगराच्या फटक्याने शंभर वर्षांची वाढ मोडू शकते, हे त्यामागचे साधे कारण.

जवळच 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज सुमारे 30 मीटर खोलीवर पडून आहे. ऑक्टोबर 1941 मध्ये जर्मन विमानांनी ते बुडवले. त्याच्या पोटात अजून ट्रक आणि मोटारसायकली उभ्या आहेत. युद्धाच्या त्या सामानावर आता प्रवाळ वाढले आहे आणि मासे राहतात.

मालदीव

मालदीवची सुमारे बाराशे बेटे प्रवाळावरच उभी आहेत. प्रवाळ मेले तर लाटा अडवणारी भिंत जाईल आणि पायाखालची जमीनही. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे काझी होते. मालदीवच्या कवड्या त्या काळी बंगालपर्यंत चलन म्हणून जात.

इथले मच्छीमार कुपा, म्हणजे ट्यूना, जाळ्याने नव्हे तर गळाने एकेक करून पकडतात. त्यामुळे प्रवाळावरचे मासे बऱ्याच अंशी वाचले. 2010 मध्ये मालदीवने शार्क पकडण्यावर पूर्ण बंदी घातली. मेलेला शार्क एकदाच विकला जातो. जिवंत शार्क पाहायला पर्यटक वर्षानुवर्षे येतात, हा हिशेब लोकांना पटला होता.

बा प्रवाळद्वीपातील हनीफारू नावाच्या लहान उपसागरात पावसाळ्यात भरतीबरोबर प्लवकांचा दाट थर साचतो. तो खायला मांटा रे येतात; कधी कधी शंभरावर. कोकणात वाघळी म्हणतात, त्या चपट्या माशाची ही अजस्र बहीण. तिच्या पंखांचा विस्तार तीन-चार मीटर असतो, पण ती कुणाला इजा करत नाही. गंमत अशी, की या जगप्रसिद्ध जागी स्कूबाला मनाई आहे. बुडबुडे आणि गर्दी यांनी मांटा बिचकू नये, म्हणून केवळ नळी लावून वरून तरंगत पाहण्याची परवानगी मिळते.

सिपादान, मलेशिया

साबाच्या किनाऱ्यापासून दूर सिपादान हे चिमुकले बेट आहे. किनाऱ्यापासून काही पावले पोहलो की तळ एकदम सुमारे 600 मीटर खाली जातो. हिरवी कासवे इथे इतकी, की एका बुडीत वीस-तीस दिसणे नवल नाही. हजारो बॅराकुडा वावटळीसारखे गोल फिरताना दिसतात.

प्रसिद्धी मिळताच बेटावर हॉटेले उभी राहिली. सांडपाणी आणि कचरा वाढला, कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा आक्रसल्या. अखेर मलेशिया सरकारने 2004 च्या अखेरपर्यंत सर्व हॉटेले तिथून हलवली. त्यानंतर रोज 120 जणांनाच परवाना, असा नियम झाला. पुढे ही मर्यादा थोडी वाढवली गेली, पण मुक्काम आजही शेजारच्या बेटांवरच करावा लागतो.

राजा अंपात, इंडोनेशिया

जगात कठीण प्रवाळाच्या जेवढ्या प्रजाती ज्ञात आहेत, त्यांपैकी सुमारे पाऊण भाग राजा अंपातच्या बेटांभोवती सापडतो. रात्रीच्या बुडीत पंखांवर चालत जाणारा ठिपकेदार छोटा शार्क दिसतो.

या भागात 'सासी' नावाची जुनी रीत आहे. गावकरी समुद्राचा एक तुकडा ठरावीक काळासाठी बंद करतात. तिथून मासा, शंख, समुद्रकाकडी काहीही काढायचे नाही. ख्रिस्ती गावांत चर्चमध्ये आणि मुस्लिम गावांत मशिदीत दुआ करून ही बंदी सुरू होते आणि तशीच उठवली जाते. पोलीस नसतानाही लोक ती पाळतात, कारण ती मोडणे म्हणजे गावाला दिलेला शब्द मोडणे.

मिसाली, झांझिबार

या साऱ्या ठिकाणांत आपल्या वाचकांना सर्वांत जवळची वाटेल ती मिसाली बेटाची हकीकत. झांझिबारच्या पेंबा बेटाजवळचे हे लहान बेट. तिथली लोककथा सांगते, की हजरत खिज्र इथे आले आणि त्यांनी मच्छीमारांकडे मुसल्ला मागितला. तो कुणाकडे नव्हता. तेव्हा ते म्हणाले, की हे बेटच मुसल्ल्यासारखे आहे. त्यावरून बेटाचे नाव पडले, असे लोक मानतात.

हजारो मच्छीमारांचे पोट या बेटाभोवतीच्या पाण्यावर चालते. 1990 च्या दशकात इथे हॉटेल उभारण्याचा बेत झाला, तेव्हा त्यांनी विरोध केला आणि 1998 मध्ये मिसाली संरक्षित क्षेत्र झाले. पण दुसरा धोका घरातलाच होता. काही जण सुरुंग लावून मासे मारत. सुरुंगाने एका क्षणात टोपलीभर मासळी मिळते, मात्र प्रवाळाचा चुरा होतो आणि पुढची अनेक वर्षे तिथे मासा फिरकत नाही. सरकारी नियम कागदावरच राहत होते. मग ब्रिटनमधील एका इस्लामी पर्यावरण संस्थेने मच्छीमार आणि इमाम यांना एकत्र बसवून चर्चा घडवली. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, मना आहे, माणूस जमिनीवर मालक नसून खलीफा, म्हणजे विश्वस्त, आहे, राखीव कुरणाची 'हिमा' ही पद्धत रसूलुल्लाह (स.) यांच्या काळापासून आहे. हेच विषय मशिदीत मांडले गेले. जे दंडाच्या भीतीने पटले नव्हते, ते ईमानाच्या भाषेत अनेकांना पटले.

लक्षद्वीप आणि तापणारे पाणी

आपल्या देशात याच कुळातली बेटे म्हणजे लक्षद्वीप. तिथली सुमारे 96 टक्के वस्ती मुस्लिम आहे. कदमत, बंगाराम इथे डायव्हिंग चालते. मालदीवप्रमाणे इथेही कुपा गळाने पकडण्याची पद्धत आहे.

पण हात आवरूनही एका संकटापासून सुटका नाही. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंश जास्त काळ तापले, की प्रवाळकीटक आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लवकर गारवा आला तर तो सावरतो, नाहीतर उपासाने मरतो. लक्षद्वीपने 1998, 2010 आणि 2016 मध्ये हे पाहिले. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथे मोठे विरंजन जाहीर केले. ज्यांनी धूर सोडला नाही, त्या बेटांना त्याची किंमत मोजावी लागत आहे. तरीही सुरुंग, सांडपाणी आणि अतिमासेमारीपासून वाचलेले प्रवाळ उष्णतेच्या तडाख्यातून तुलनेने लवकर सावरते. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने काय केले, याला आजही मोल आहे. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागातील प्रवाळ उष्णता अधिक सोसते, असे संशोधकांना आढळले आहे. म्हणून त्याचे रक्षण साऱ्या जगासाठी महत्त्वाचे मानले जाते.

मालवणला जाल तेव्हा

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही प्रवाळ आहे. 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. मे महिन्याच्या सुट्टीत अनेक कुटुंबे तिथे पहिल्यांदा स्कूबा करतात. काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे किंवा गर्भावस्था असेल, तर उतरू नये; शंका असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. सर्दी झालेली असेल तर बुडी पुढे ढकलावी. खाली जाताना नाक दाबून हलकी फुंकर मारून कान मोकळे करत राहावे. दुखले तर प्रशिक्षकाला खूण करावी. सर्वांत महत्त्वाचे, पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये आणि वर सावकाश यावे. बुडीनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा. दहा वर्षांखालील मुलांना टाकी लावून नेऊ नये. त्यांना आधी पोहणे शिकवावे. वेटसूट पूर्ण अंगाचा मिळतो आणि स्त्रियांनी स्त्री प्रशिक्षकाबद्दल आगाऊ विचारायला हरकत नाही.

प्रवाळावर पाय ठेवू नये, हात लावू नये. फोटोसाठी माशांना पाव-बिस्किटे टाकू नयेत. शंख किंवा पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. प्रवाळ काढणे आणि विकणे आपल्या कायद्याने गुन्हा आहे.

कोकणच्या मच्छीमार वस्त्यांना हे नवे नाही. 1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. माशाला वीण वाढवायला वेळ द्यावा, हाच त्यामागचा हेतू. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मुलांना देतो. तीच शिकवण समुद्राला लावायची आहे. सिपादानची कासवे, हनीफारूचे मांटा आणि मिसालीचे प्रवाळ आज आहेत, कारण कुणीतरी मिळत असूनही घेतले नाही. मालवणच्या पाण्यात आपल्या नातवंडांना काय दिसेल, हेही त्यावरच ठरणार आहे.